शाब्दिक उदाहरणे: ‘क्ष’ येण्याआधी आणि आल्यानंतर

‘एक राशी आणि तिचा सातवा भाग मिळून १९ होतात, तर ती राशी कोणती?’ इ.स.पू. १५५० च्या सुमारास आहमोस नावाच्या इजिप्शियन लेखनिकाने जुन्या प्रतीवरून उतरवून घेतलेल्या पपायरसमधले हे २४ वे उदाहरण. हा ऱ्हाइंड पपायरस आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. आपण लगेच क्ष + क्ष/७ = १९ लिहून मोकळे होतो. आहमोसकडे क्ष नव्हता. त्याने राशी ७ आहे असे धरले, कारण सातचा सातवा भाग काढताना अपूर्णांक येत नाही. ७ + १ = ८. हवेत १९. मग ८ ला कशाने गुणले की १९ येतील? दोनाने १६, पावाने २, अष्टमांशाने १, बेरीज १९. म्हणजे २ + १/४ + १/८ पट. सातची तितकी पट म्हणजे १६ ५/८, हे उत्तर. शेवटी त्याने ताळाही करून दाखवला आहे.

मुद्दाम चुकीची संख्या धरायची आणि उत्तर ज्या प्रमाणात चुकले त्या प्रमाणात ती वाढवायची, ही रीत पुढे अनेक देशांत दिसते. आपल्याकडे तिला इष्टकर्म म्हणतात. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) कमळांचे उदाहरण आहे: कमळांच्या राशीतला तिसरा भाग शिवाला, पाचवा विष्णूला, सहावा सूर्याला, चौथा देवीला वाहिला आणि उरलेली ६ गुरूंना दिली. इष्ट, म्हणजे मनाने धरलेली संख्या, ६० घ्या. २० + १२ + १० + १५ = ५७ गेली, ३ उरली. उरायला हवीत ६, म्हणजे दुप्पट. म्हणून कमळे १२०. इष्ट कोणते धरायचे यातच सगळी सोय आहे. छेदांचा लसावि घेतला की अपूर्णांक आडवे येत नाहीत.

पण ही रीत एका अटीवर चालते: अज्ञात दुप्पट केले की उत्तरही दुप्पट व्हायला हवे. क्ष + क्ष/७ चे तसे होते. मध्येच एखादी सुटी संख्या, म्हणजे अज्ञाताशी न जोडलेली संख्या, आली की प्रमाण मोडते. ती एकाच बाजूला असेल तर आधी बाजूला काढता येते. मात्र अज्ञात दोन्ही बाजूंना आणि सुट्या संख्याही दोन्ही बाजूंना असल्या की इष्टकर्म थेट लावता येत नाही. माझ्या मते बीजगणिताची खरी गरज इथेच निर्माण झाली.

भास्कराचार्यांच्याच ‘बीजगणिता’तले उदाहरण पाहा. एकाकडे ३०० रुपये आणि ६ घोडे आहेत. दुसऱ्याकडे त्याच किमतीचे १० घोडे आहेत, पण डोक्यावर १०० रुपये कर्ज. दोघांची मालमत्ता सारखी, तर एका घोड्याची किंमत किती? घोडा ५० चा धरला तर पहिल्याचे ६०० होतात आणि दुसऱ्याचे ४००. या दोन आकड्यांवरून ५० ची किती पट घ्यायची ते कळत नाही.

यातून दोन वाटा निघाल्या. पहिली म्हणजे दोनदा चुकायचे. ५० धरल्यावर फरक २०० आला. आता ८० धरा: ७८० आणि ७००, फरक ८०. दोन्ही वेळा पहिल्याचीच बाजू जड आहे, म्हणून तिरका गुणाकार करून वजाबाकी करायची: (८० × २०० − ५० × ८०) ÷ (२०० − ८०) = १२००० ÷ १२० = १००. एका वेळी फरक एका बाजूला आणि दुसऱ्या वेळी दुसऱ्या बाजूला पडला, तर दोन्ही ठिकाणी वजाबाकीऐवजी बेरीज. चिन्हाची चूक हमखास होते ती इथे. चीनच्या ‘नऊ अध्याय’ या प्राचीन ग्रंथाचा सातवा अध्याय याच रीतीवर आहे. अरबी गणितज्ञांनी ती वापरली आणि इटालियन गणितज्ञ फिबोनाचीच्या १२०२ मधल्या ग्रंथातून ती युरोपात रुळली. ती अचूक उत्तर देते, पण का देते हे करणाऱ्याला दिसत नाही.

दुसरी वाट आर्यभटांची. ४९९ च्या ‘आर्यभटीया’त त्यांनी नियमच दिला: दोन सारख्या धनवान माणसांकडच्या सुट्या रकमांतल्या फरकाला अज्ञात वस्तूंच्या संख्येतल्या फरकाने भागा, म्हणजे वस्तूची किंमत मिळते. घोड्यांना लावून पाहा. रकमांतला फरक ३०० − (−१००) = ४००, घोड्यांतला फरक ४, किंमत १००. मात्र कर्ज ही ऋण संख्या मानली तरच तो फरक ४०० येतो. ३०० मधून १०० वजा करणाऱ्याला घोडा ५० ला मिळेल. धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-गुणाकाराचे नियम ब्रह्मगुप्तांनी ६२८ मध्ये स्पष्ट मांडले, त्यामुळे हा भाग पक्का झाला.

भास्कराचार्यांच्या वेळेपर्यंत मांडणीही ठरून गेली होती. अज्ञाताला यावत्तावत्, थोडक्यात ‘या’. सुट्या संख्येला ‘रू’. ऋण संख्येवर टिंब. दोन्ही पक्ष एकाखाली एक:

या ६ रू ३००
या १० रू १०० (वर टिंब)

एका ओळीतला ‘या’ दुसऱ्यातून वजा करायचा आणि ‘रू’ उलट दिशेने. उरते या ४, रू ४००. एकाहून जास्त अज्ञाते असली तर कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे.

बगदादमध्ये ८२० च्या सुमारास अल-ख्वारिझ्मी या गणितज्ञाने दोन क्रिया वेगळ्या काढून दाखवल्या: वजा असलेले पद दोन्ही बाजूंत मिळवून घालवणे आणि दोन्हीकडची सारखी पदे उडवणे. शाळेतले पक्षांतर म्हणजे याच दोन क्रिया. त्याच्या ग्रंथाचा मोठा भाग वारसाहक्काच्या वाटण्यांचा आहे आणि सगळे शब्दांत लिहिलेले आहे. पुढे रॉबर्ट रेकॉर्ड या गणितज्ञाचे बरोबरचे चिन्ह (=) १५५७ मध्ये आले, फ्रेंच गणितज्ञ व्हिएतची संख्यांऐवजी अक्षरे १५९१ मध्ये, आणि अज्ञातासाठी वर्णमालेतली शेवटची अक्षरे वापरण्याची देकार्तची पद्धत १६३७ मध्ये.

अक्षरे आल्याने सोडवणे सोपे झाले. चुका आता मांडणीत होऊ लागल्या. १९८० च्या सुमारास अमेरिकेत जॉन क्लेमंट आणि सहकाऱ्यांनी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षातल्या विद्यार्थ्यांना एकच समीकरण मांडायला दिले: एका विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत. एक तृतीयांशाहून अधिक जणांचे चुकले, आणि त्यातल्या बहुतेकांनी ६वि = प्रा असे उलटे लिहिले. इंग्रजी वाक्यात सहाचा आकडा विद्यार्थ्यांच्या जवळ येतो, हे एक कारण. दुसरे जास्त खोल आहे आणि मराठीतही लागू पडते: ‘वि’ ही संख्या न राहता विद्यार्थी या शब्दाचे लघुरूप होते. म्हणून पहिली ओळ ‘क्ष = विद्यार्थी’ नको, ‘विद्यार्थ्यांची संख्या क्ष मानू’ अशीच हवी. मग प्राध्यापक १० धरून पाहायचे. विद्यार्थी ६० यायला हवेत.

वयाच्या उदाहरणात घसरायची जागा वेगळी. वडील आज मुलाच्या तिप्पट वयाचे आहेत, १० वर्षांनी दुप्पट होतील. ३क्ष + १० = २(क्ष + १०), क्ष = १०. कंस सुटला की ३क्ष + १० = २क्ष + १० होते आणि मुलाचे वय शून्य येते. उजवीकडचे १० मिळवायचेच राहिले तर वय उणे १०. दोन्ही उत्तरे आपापल्या चुकीच्या समीकरणात तंतोतंत बसतात, त्यामुळे ताळा समीकरणात करून उपयोग नाही. तो उदाहरणातल्या वाक्यावर करावा लागतो: आज १० आणि ३०, दहा वर्षांनी २० आणि ४०.