उरलेल्या कॉफीचं काय होतं?

सकाळी केलेली काळी कॉफी दुपारी गरम करून प्यायली, तर पोट बिघडण्याची शक्यता फार कमी. तोंड मात्र नक्की वाकडं होईल. कॉफीची चव जाते काही मिनिटांत, आणि ती पिण्यास अयोग्य व्हायला काही दिवस लागतात. दूध घातलं की मात्र हा हिशेब पार बदलतो.

आधी चवीचं पाहू. गाळलेल्या कॉफीत 98 टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. विरघळलेले पदार्थ साधारण सव्वा ते दीड टक्का. कॉफीला ‘कॉफीपण’ देणारा वास तर त्याहून कितीतरी सूक्ष्म प्रमाणातल्या रेणूंचा. भाजलेल्या कॉफीत 800 हून जास्त बाष्पशील, म्हणजे सहज हवेत उडणारी, संयुगं सापडली आहेत, पण नाकाला खरी भुरळ घालणारी मोजकीच. त्यातलं एक गंधकयुक्त संयुग म्हणजे 2-फर्फ्युरिलथायॉल. ताज्या भाजलेल्या कॉफीचा तो खमंग वास बराचसा याचाच. हे नुसतं हवेत उडून गेलं असतं, तर घट्ट झाकण लावून भागलं असतं. पण कॉफीला तपकिरी रंग देणारे मेलॅनॉइडिन नावाचे मोठाले रेणू त्याला कपातच पकडून ठेवतात, आणि पकडलेला रेणू नाकापर्यंत पोहोचत नाही. म्हणून झाकलेली कॉफीही अर्ध्याएक तासात मंदावते.

दुसरा बदल आंबटपणाचा. बिया भाजताना त्यातल्या क्लोरोजेनिक आम्लांपासून लॅक्टोन नावाची संयुगं बनतात. गरम पाण्यात ती हळूहळू फुटतात आणि क्विनिक आम्लासारखी आम्लं मोकळी होतात. कॉफीचा सामू (pH; तो जितका कमी, तितका पदार्थ आंबट) घसरतो, चव आंबट आणि तुरट होत जाते. तापमान जितकं जास्त, तितकं हे लवकर घडतं. त्यामुळे यंत्राच्या तापत्या तबकडीवर भांडं तासभर ठेवणं हा कॉफीवर केलेला सर्वांत मोठा अन्याय! थर्मास बरा, कारण तो बाहेरून उष्णता देत नाही. तरी आतली कॉफी गरमच असते, म्हणून तिथेही तास-दोन तासांपलीकडे फार अपेक्षा ठेवू नये. पुन्हा उकळल्याने गेलेला वास परत येत नाही, उरलासुरला तेवढा जातो. कॅफिन मात्र जागच्या जागी राहतं. ते उकळत्या पाण्याला दाद देत नाही, त्यामुळे शिळ्या कॉफीनेही झोप उडते.

आता सुरक्षिततेचं. काळ्या कॉफीचा सामू 5 च्या आसपास असतो आणि जंतूंना पोसण्याजोगं तिच्यात फारसं काही नसतं. म्हणून ती लवकर नासत नाही. गार झाल्यावर झाकणाच्या स्वच्छ बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवली, तर तीन-चार दिवस चालते. बाहेर दिवसभर राहिलेली मी तरी ठेवणार नाही, आणि वर बुरशीचा ठिपका दिसला तर तेवढा काढून उरलेली पिऊ नये. ‘आम्लधर्मी म्हणजे सुरक्षित’ असंही धरून चालू नये. बोटुलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जंतूला रोखायला सामू 4.6 किंवा त्याहून कमी लागतो, आणि कॉफी त्या रेषेच्या वर राहते. 2017 मध्ये अमेरिकेत हवाबंद डब्यांतली थंड कॉफी याच शंकेवरून बाजारातून परत मागवली गेली होती.

दुधाच्या कॉफीला ही सवलत नाही. दुधात साखर आहे, प्रथिनं आहेत, आणि दुधामुळे आंबटपणाही कमी होतो. 4 ते 60 अंश सेल्सिअसमध्ये जंतू वेगाने वाढतात; म्हणून अशी कॉफी बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. ‘उकळून घेऊ की!’ हा उपाय इथे लागू पडत नाही. बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू (त्याची टणक, सुप्त रूपं) उकळण्यातूनही वाचतात, आणि त्याचं उलटी घडवणारं विष उष्णतेने नष्ट होत नाही. शिवाय कॉफीचा उग्र स्वाद दुधाच्या बिघाडाची पहिली चाहूल झाकून टाकतो. वासावर विसंबू नका, घड्याळ पाहा.

उरलेल्या काळ्या कॉफीचा सर्वांत चांगला उपयोग म्हणजे ती पुन्हा गरम न करता गारच वापरणं. बर्फाच्या साच्यात गोठवलेले तिचे खडे थंड कॉफीत टाकले, की पेय पाणचट होत नाही. चॉकलेट केकच्या मिश्रणात पाण्याऐवजी ती घातली तर कोकोचा स्वाद गडद होतो. तिथे हरवलेल्या सुगंधाची उणीवही जाणवत नाही.

कुंडीत ओतायची असेल तर जरा बेताने. कॅफिन हे झाडानेच किडींविरुद्ध बनवलेलं रसायन आहे, आणि ते इतर झाडांच्या बियांचं रुजणंही रोखू शकतं. तेव्हा भरपूर पाणी मिसळून, कधीतरीच, आणि तेही मोठ्या झाडांना. रोपांना नको. दूध-साखरेची तर कोणत्याच कुंडीत नको, मातीला बुरशी येते आणि मुंग्या लागतात.