लक्ष्मीच्या चित्रातला हत्ती

राजा रविवर्मा यांची लक्ष्मी पाहिली नाही असा मराठी माणूस विरळा. चित्रकार कोण हे ठाऊक नसलं तरी चित्र ओळखीचं असतं. तळ्यातल्या कमळावर उभी असलेली, काठपदराची साडी नेसलेली चतुर्भुज देवी. वरच्या दोन हातांत कमळं, खालचे दोन भक्तासाठी मोकळे. मागे पाण्यात हत्ती, त्याने सोंडेत हार धरलेला. हे चित्र १८९६ सालचं.

त्यातला हार खरं तर नवा आहे. त्याआधीची जवळजवळ दोन हजार वर्षं लक्ष्मीशेजारच्या हत्तीचं काम एकच होतं, तिच्यावर पाणी ओतणं.

इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकांतल्या भारहुत आणि सांचीच्या शिल्पांत ही गजलक्ष्मी दिसते. मधे देवी, दोन बाजूंना कमळांवर उभे दोन हत्ती, त्यांच्या सोंडांत उपडे कलश. काही ठिकाणी देवीचं कमळ भरल्या घटातून उगवलेलं आहे. ही दोन्ही स्थळं बौद्धांची. त्यामुळे फ्रेंच अभ्यासक आल्फ्रेड फूशे यांनी सांचीतल्या अशा शिल्पांत बुद्धाची आई मायादेवी आणि बुद्धजन्म पाहिला. हा अर्थ सगळ्यांना पटला नाही, आणि मलाही तो ओढून आणलेला वाटतो. श्री, म्हणजे लक्ष्मी, ही त्या काळी कुठल्याच एका पंथाची नव्हती. जुन्नरजवळच्या मानमोडी डोंगरात बौद्ध चैत्याच्या दर्शनी कमानीतही ती हत्तींसह उभी आहे, आणि शक राजा अझिलिसेस याच्या चांदीच्या नाण्यांवरही.

मग हत्तीच का? कारण हत्ती म्हणजे मेघ. इंद्राचा ऐरावत समुद्रमंथनातून वर आला, आणि त्याच मंथनातून लक्ष्मी. गजशास्त्राच्या परंपरेत एक गमतीची कथा येते. पूर्वी हत्तींना पंख होते, ते ढगांसारखे आकाशात फिरत. एकदा ते वडाच्या फांदीवर उतरले, फांदी मोडून दीर्घतपा ऋषींच्या आश्रमावर कोसळली आणि ऋषींच्या शापाने हत्ती जमिनीवर आले. कालिदासाच्या ‘मेघदूता’तल्या यक्षालाही आषाढातला ढग पहिल्यांदा दिसतो तो टेकाडाला धडका देणाऱ्या हत्तीसारखा. म्हणजे गजलक्ष्मीच्या शिल्पात आकाशातून पाऊस पडतो आहे आणि मधे जी भिजते आहे ती भूमी.

श्रीसूक्त हेच सांगतं. ऋग्वेदाच्या खिलसूक्तांत, म्हणजे पुरवणी म्हणून जोडलेल्या सूक्तांत, मोडणाऱ्या या सूक्तात देवी सोन्याच्या कांतीची आहे, तशीच ओली, कमळतळ्यात राहणारी आणि शेणखताने समृद्धही आहे. तिच्या मुलाचं नाव कर्दम, म्हणजे चिखल. सूक्त म्हणणारा तिच्याकडे सोनं, गाई, घोडे मागतो आणि तहान-भुकेने मळलेली अलक्ष्मी नाहीशी करण्याची भाषा करतो. दिवाळीत हे सूक्त म्हणताना चिखल आणि शेण सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

पाण्याचं हे नातं सगळ्यात ठसठशीत दिसतं ते वेरूळला. आठव्या शतकात राष्ट्रकूटांनी कोरवलेल्या कैलास लेण्यात शिरताच समोर गजलक्ष्मीचा मोठा शिल्पपट येतो. देवी कमळांनी आणि पानांनी गच्च भरलेल्या तळ्यात बसली आहे. लहान हत्ती घडे भरून घेतात, मोठे ते तिच्या डोक्यावर रिते करतात.

रविवर्मा यांच्यापर्यंत येताना हा पाऊस थांबला. वास्तवदर्शी तैलचित्रात दोन हत्ती हवेत कमळांवर उभे करणं अवघडच होतं. त्यांनी एकच हत्ती ठेवला, तो पाण्यात उभा केला आणि त्याच्या सोंडेत कलशाऐवजी हार दिला. अभिषेकाच्या जागी पूजा आली. पाणी राहिलं, पण देवीच्या पायाशी, निसर्गदृश्याचा भाग म्हणून. बंगालात लक्ष्मीचं वाहन असलेलं घुबड त्यांनी घेतलं नाही.

हे रूप घरोघरी गेलं ते छपाईमुळे. त्रावणकोर आणि बडोद्याचे दिवाण राहिलेले सर टी. माधवराव यांनी रविवर्मा यांना चित्रांच्या रंगीत प्रती छापून घेण्याचं सुचवलं होतं. १८९४ मध्ये मुंबईत रविवर्मा यांचा छापखाना सुरू झाला आणि पुढे प्लेगच्या दिवसांत लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. यंत्रं जर्मन होती. प्रत्येक रंगासाठी वेगळा शिळाछाप दगड, एकावर एक ठसे. छापखाना नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला, पण चित्रं विकली जातच राहिली. ज्यांना देवळाच्या गाभाऱ्यात प्रवेश नव्हता, त्यांनाही देवीचं चित्र विकत घेऊन भिंतीवर लावता येऊ लागलं. या चित्रांना नुसतं बाजारी म्हणून नाकं मुरडणारे ही बाजू विसरतात.

आणि नाणी? तळहातातून मोहरांची धार सोडणारी लक्ष्मी रविवर्मा यांची नव्हे. तिला अगदी अलीकडची मानणंही बरोबर नाही. बिहारमधल्या बसाढ, म्हणजे प्राचीन वैशाली, इथे सापडलेल्या गुप्तकालीन मुद्रांवर गजलक्ष्मीच्या पायाशी ठेंगणे यक्ष नाणी ओतताना दिसतात, आणि दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या काही सोन्याच्या नाण्यांवर देवी स्वतःच नाणी उधळते. फरक इतकाच, की बसाढच्या मुद्रांवर वरून पाणी पडतं आणि खाली नाणी. विसाव्या शतकात शिवकाशीच्या कॅलेंडरांनी हत्ती पुन्हा दोन केले, पण पाहणाऱ्याची नजर आता जाते ती देवीच्या तळहाताकडे.