पराग आधी गाळ, मग वनस्पती

परागकणांवरून खडकाचे वय सांगणे तेलशोधाच्या कामात केव्हाच रुळले. तो गाळ नेमका कुठे साचला, हे त्याच कणांवरून ओळखणे मात्र रखडले. १९१६ मध्ये आजच्या ऑस्लोत एका व्याख्यानात पीटमधल्या, म्हणजे दलदलीत साचलेल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरातल्या, परागांचे टक्केवारीचे आलेख मांडले गेले. टक्केवारीची ही सवय पुढे कोट्यवधी वर्षे जुन्या खडकांच्या अभ्यासातही आली.

पेच उभा राहिला १९५८ मध्ये, इंग्लंडमधल्या कार्बोनिफेरस, म्हणजे कोळसा साचण्याच्या प्राचीन काळातल्या, थरांवरून. कोळशात दलदलीतल्या झाडांचे बीजाणू भरपूर. मधल्या सागरी शेलच्या (समुद्रतळाच्या चिखलापासून बनलेल्या खडकाच्या) पट्ट्यात मात्र हवेची पिशवी असलेल्या परागांचे प्रमाण एकदम चढलेले. एक मत असे की समुद्र आत शिरला, सखल दलदल बुडाली आणि उंचावरची वने तेवढी उरली. दुसरे मत असे की झाडे बदललीच नाहीत. जड बीजाणू किनाऱ्याजवळच खाली बसले आणि पिशवीवाले कण तरंगत दूर गेले. समुद्र पुढे सरकला हे दोघांनाही मान्य. वाद होता तो वनस्पती बदलल्या की नाहीत याचा, आणि तो नुसत्या टक्केवारीने सुटणे शक्यच नव्हते. बीजाणू घटले तरी परागांचा टक्का आपोआप वाढतो. दर ग्रॅममागे कण किती, हे मोजायलाच हवे. मोजलेल्या संख्येचे परके बीजाणू गोळीच्या रूपात नमुन्यात मिसळण्याची पद्धत १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा हे काम सोपे झाले: मोजणीत परके बीजाणू किती दिसतात, त्या प्रमाणावरून मूळ कणांची संख्या काढता येते. माझ्या मते या विषयातली सर्वांत मोलाची सुधारणा हीच.

दुसऱ्या मताला बळ मिळाले ते आजच्या समुद्रतळावरून. दक्षिण अमेरिकेतल्या ओरिनोको नदीच्या त्रिभुज प्रदेशातल्या १९५९ च्या अभ्यासात कणांची वाटणी मुख्यतः पाण्याच्या प्रवाहांनी केलेली दिसली. १९६६ मध्ये बहामा बेटांजवळच्या ग्रेट बहामा बँक या उथळ समुद्रतळावर पाइनचे पराग खळाळत्या भागात विरळ आणि शांत चिखलात दाट सापडले. म्हणजे पराग बारीक गाळासारखाच वागतो.

१९६० च्या दशकात खडक आम्लात विरघळवल्यावर उरलेला सगळाच सेंद्रिय अवशेष बघायला सुरुवात झाली: लाकडाचे काळे तुकडे, आकारहीन लगदा, डायनोफ्लॅजेलेट या पाण्यातल्या एकपेशीय जीवांची पुटी (टिकाऊ कवचे). पिवळसर परागांच्या गर्दीत एखादा गडद तपकिरी दिसला, तर तो जुन्या, अधिक तापलेल्या खडकातून झिजून आलेला असू शकतो; मोजणीत तो वेगळा ठेवावा लागतो.