कोंबड्याचा आक्रमकपणा

कोंबड्याचा आक्रमकपणा : परसातल्या कळपातील वयात आलेला कोंबडा माणसावर, दुसऱ्या नरांवर आणि क्वचित कळपातल्या कोंबड्यांवरही धावून जातो, त्या वर्तनाचा येथे विचार केला आहे. चोचीने टोचणे, पंखांनी झोडपणे आणि उडी घेऊन पायामागचे काटे मारणे ही त्याची नेहमीची रूपे होत. पिलू असताना हातावरचे दाणे टिपणारा नर साधारणतः पाच-सहा महिन्यांचा झाला की अंगावर येऊ लागतो. पाळणाऱ्याला हा कृतघ्नपणा वाटतो. प्रत्यक्षात कळपाची राखण आणि कळपातील वरचे स्थान टिकवणे या नराच्या दोन उपजत कामांचाच तो भाग असतो.

स्वभावाचा उगम : पाळीव कोंबडी तांबड्या रानकोंबड्यापासून (गॅलस गॅलस) उत्पन्न झाली, असे मत चार्ल्स डार्विन यांनी १८६८ मध्ये मांडले. एकच पूर्वज मानणारे हे मत दीर्घकाळ टिकले. मात्र पाळीव कोंबड्यांच्या पिवळ्या कातडीचे जनुक राखी रानकोंबडा या दुसऱ्या जातीकडून आल्याचे २००८ मध्ये दिसून आले आणि संकराचा वाटा मान्य करावा लागला. २०२० मधील विस्तृत जनुकीय अभ्यासाने नैर्ऋत्य चीन, उत्तर थायलंड व म्यानमार या पट्ट्यातील गॅलस गॅलस स्पॅडिसियस ही उपजाती मुख्य पूर्वज ठरवली. काळाबाबत मतभेद अधिक आहेत. उत्तर चीनमधील सु. दहा हजार वर्षांपूर्वीची हाडे पाळीव कोंबड्यांची असल्याचा दावा झाला होता. पण तशा अनेक हाडांची फेरतपासणी केली असता ती फेझंट पक्ष्यांची निघाली. २०२२ मधील संशोधनानुसार निःसंदिग्ध म्हणता येतील असे सर्वांत जुने अवशेष मध्य थायलंडमधील बान नॉन वाट येथील असून त्यांचा काळ सु. इ. स. पू. १६५० ते १२५० असा धरतात.

कोंबडा प्रथम मांस-अंड्यांसाठी पाळला गेला की झुंजीसाठी, हा वाद प्रस्तुत विषयाशी थेट निगडित आहे. झुंजीला अग्रक्रम देणाऱ्यांच्या मते आजच्या नराची खुनशी वृत्ती माणसानेच निवडीने जोपासली. भात व भरडधान्याच्या शेतीभोवती रानकोंबडे ओढले गेले आणि हळूहळू माणसाळले, हे दुसरे मत पुराव्याशी अधिक जुळते. झुंजीच्या जातींमध्ये ही वृत्ती निवडीने वाढवली गेली हे खरे असले, तरी तिचे मूळ रानकोंबड्याच्या नरांतील स्पर्धेत आहे. माणसाळण्याच्या ओघात उलट दिशेनेही निवड झालेली दिसते. अवटू (थायरॉइड) ग्रंथीच्या कार्याशी संबंधित एका जनुकाचे विशिष्ट रूप जवळजवळ सर्व पाळीव कोंबड्यांत आढळते. ते सु. दहाव्या शतकाच्या सुमारास यूरोपात झपाट्याने पसरले असावे, असा प्राचीन जनुकद्रव्यावरून काढलेला अंदाज आहे. दाटीत राहण्याची सहनशीलता आणि भांडखोरपणातील घट यांच्याशी त्याचा संबंध जोडला जातो.

शरीरक्रिया : जर्मनीतील गटिंगेन येथील शास्त्रज्ञ आर्नोल्ट बेर्टोल्ट यांनी १८४९ मध्ये सहा तरुण कोंबड्यांवर केलेला प्रयोग अंतःस्रावशास्त्राचा (संप्रेरकांच्या अभ्यासाचा) आरंभबिंदू मानतात. वृषणे काढलेल्या कोंबड्यांचा तुरा लहान राहिला, त्यांचे आरवणे व झुंजणे थांबले. ज्यांच्या पोटात वृषण पुन्हा बसवले होते, ते मात्र नेहमीच्या नरांसारखे वाढले, आरवले आणि झुंजले. वृषणाला जुन्या मज्जातंतूंचा आधार उरला नव्हता. म्हणजे हा परिणाम रक्तातून जाणाऱ्या द्रव्याचा होता. ते द्रव्य टेस्टोस्टेरॉन हे नर-संप्रेरक होय. दिवस मोठा होऊ लागला की वृषणे वाढतात, त्यामुळे एरवी शांत असलेला कोंबडाही त्या काळात तापट होतो.

कळपातील उतरंड : नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थोर्लाइफ शेल्डेरूप-एब्बे यांनी १९२०च्या दशकाच्या आरंभी टोचण्याचा क्रम वर्णिला : कोण कोणाला टोचू शकतो, हे कळपात ठरलेले असते. पहाटेच्या आरवण्यातही हा क्रम पाळला जातो. २०१५ मधील अभ्यासात सर्वांत वरचा नर आधी व इतर उतरत्या क्रमाने आरवतात असे आढळले. माणसाच्या हातावर एकटाच वाढलेला नर माणसाला भीत नाही. त्यालाही तो या उतरंडीत धरतो आणि प्रतिस्पर्धी मानतो.

हल्ल्याची लक्षणे : हल्ला सहसा अचानक होत नाही. कोंबडा एक पंख जमिनीकडे झुकवून तिरकी पावले टाकत जवळ येतो, मानेची पिसे फुलवतो, एका डोळ्याने रोखून पाहतो. मध्येच खाली वाकून दाणा टिपल्यासारखे करतो, पण टिपत काहीच नाही. माणसाने पाठ फिरवली की तो झेप घेतो आणि काटे पोटरीत बसतात. धरलेल्या कोंबडीचे ओरडणे, हेलकावणारी बादली, पिलांपाशी गेलेला हात ही नेहमीची निमित्ते. आजवर शांत असलेला कोंबडा एकाएकी बदलला, तर पिसांतील गोचिडे-उवा, पायाची जखम किंवा अधू झालेली दृष्टी आधी तपासावी.

उपाय : याबाबत पाळणाऱ्यांत दोन पक्ष आहेत. एक पक्ष कोंबड्याला जमिनीशी दाबून धरून ‘वरचढ कोण’ हे दाखवण्याचा सल्ला देतो. दुसरा त्याला झुंजच न देण्याचा. दुसरे मत ग्राह्य वाटते. कारण लाथ मारणे किंवा झटापट करणे ही त्याच्या दृष्टीने झुंजच असते, आणि पळणे ही माघार. दोन्हींमुळे तो पुन्हा येतो. जागच्या जागी उभे राहावे, त्याच्याकडे पाठ करू नये, हातातली फळी किंवा झाकण पायांपुढे धरावे आणि तो निवळल्यावर संथपणे आपल्या कामाला लागावे. ही वागणूक घरातल्या प्रत्येकाने सारखीच ठेवली तर तरुण नरांत फरक पडू शकतो. मुरलेल्या कोंबड्याकडून फारशी आशा ठेवू नये.

खुराड्यातले काम तिन्हीसांजेनंतर उरकणे सोयीचे, कारण अंधुक उजेडात कोंबड्यांना नीट दिसत नाही आणि दांडीवर बसलेला नर सहज उचलता येतो. काटा बोथट करायचा तर तेव्हाच. त्याच्या आत हाडाचा, रक्तपुरवठा असलेला गाभा असतो. म्हणून फक्त टोकच घासावे. एका नरामागे आठ-दहा कोंबड्या ठेवाव्यात, असा सर्वसाधारण दंडक आहे. त्याहून कमी असल्यास कोंबड्यांच्या पाठीची पिसे झडतात, पंखांखालची कातडी फाटते. मात्र कोंबड्या वाढवल्याने माणसावरचा हल्ला थांबतो असे नाही. जादा नर कोंबड्यांच्या नजरेआड एकत्र ठेवले, तर ते पुष्कळदा कमी भांडतात. पक्ष्याची वृषणे पोटाच्या आत असल्याने खच्चीकरण ही मोठी शस्त्रक्रिया ठरते. ती घरी करू नये.

लहान मुले असलेल्या घरात अंगावर येणारा कोंबडा मोकळा ठेवणे योग्य नाही. उडी घेतलेल्या नराचे काटे मुलाच्या चेहऱ्यापर्यंत पोहोचतात. असा कोंबडा दुसऱ्याला देताना त्याचा स्वभाव लपवू नये, आणि शक्यतो त्याची पैदास घेऊ नये, कारण ही वृत्ती काही अंशी आनुवंशिक आहे. नाइलाजाने त्याला मारावे लागले, तर ते जाणत्या हाताने आणि झटपट व्हावे.

काट्याची जखम वरून बारीक दिसली तरी खोल असते आणि तिच्यात माती-विष्ठा जाते. ती साबण व वाहत्या पाण्याने धुवावी, धनुर्वाताच्या लसीबाबत डॉक्टरांना विचारावे. डोळ्याजवळची किंवा सुजून लाल होणारी जखम त्याच दिवशी दाखवावी.