स्तनातलं इम्प्लांट काढायचं आहे? सरकारी, खासगी आणि विम्याचं गणित : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

शस्त्रक्रियेनंतर वापरायच्या आधार-ब्रा आम्ही मापावर शिवतो. पण माप द्यायला येण्याआधी, शक्य असेल तर तारीख ठरण्याच्याही आधी, हे पत्रक वाचा. इम्प्लांट (स्तनात बसवलेली कृत्रिम पिशवी) सरकारी रुग्णालयात काढून मिळेल का, विमा कंपनी पैसे देईल का, हे बहुतेक वेळा एकाच गोष्टीवर ठरतं: डॉक्टरांनी कागदावर कारण काय लिहिलं आहे. ‘रुग्णाच्या इच्छेवरून’ असं लिहिलं की ती सौंदर्यशस्त्रक्रिया. ‘डावं इम्प्लांट फुटलं आहे, एमआरआय अहवाल सोबत’ असं लिहिलं की तो उपचार. कारण बनवून लिहून घ्यायचं नाही. जे खरं आहे ते तपासून, नेमक्या शब्दांत लिहून घ्यायचं.

आधी जुने कागद शोधा

इम्प्लांट बसवलं तेव्हा एक कार्ड किंवा स्टिकर दिलेलं असतं. त्यावर कंपनी, सिरियल नंबर, लॉट नंबर, आकारमान (सीसीमध्ये) आणि पृष्ठभाग गुळगुळीत की खडबडीत, हे असतं. कार्ड हरवलं असेल तर ज्या रुग्णालयात बसवलं तिथे लेखी अर्ज करून शस्त्रक्रियेची नोंद मागा. वैद्यकीय परिषदेच्या २००२च्या नियमांनुसार आंतररुग्णाच्या नोंदी तीन वर्षं जपाव्या लागतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्याव्या लागतात. तीन वर्षं उलटली तरी मागून पाहा; बरीच रुग्णालयं नोंदी त्याहून जास्त काळ ठेवतात. परदेशात बसवलं असेल तर तिथल्या क्लिनिकला ईमेल करा.

कार्डाला एवढं महत्त्व का? पीआयपी या फ्रेंच कंपनीच्या इम्प्लांटमध्ये वैद्यकीय दर्जाचं नसलेलं सिलिकॉन सापडलं आणि २०१० साली ती बाजारातून काढली गेली. ॲलर्गन कंपनीची बायोसेल ही खडबडीत पृष्ठभागाची इम्प्लांट जुलै २०१९मध्ये जगभरातून परत मागवली गेली, कारण लिम्फोमाच्या (लसिका पेशींच्या कर्करोगाच्या) एका दुर्मीळ प्रकाराशी त्यांचा संबंध दिसला. मात्र त्रास नसेल तर केवळ बायोसेल आहे म्हणून ती काढा, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही सांगितलेलं नाही. घाबरून धावपळ नको, पण नाव माहीत हवंच.

कारण कसं सिद्ध होतं

इम्प्लांटभोवती शरीर स्वतःचं पातळ आवरण तयार करतं. त्याला कॅप्स्यूल म्हणतात आणि ते प्रत्येकीला असतं. ते आकसून कडक झालं की त्रास सुरू होतो. डॉक्टर त्याची बेकर श्रेणी १ ते ४ अशी मांडतात: ३ म्हणजे स्तन कडक आणि आकार बिघडलेला, ४ म्हणजे त्यात वेदनाही. अहवालात नुसतं ‘दुखतं’ असू नये, श्रेणी लिहून घ्या.

सिलिकॉनचं इम्प्लांट गुपचूप फुटतं. बाहेरून काहीच कळत नाही. सोनोग्राफीत शंका आली तर एमआरआय करतात. मॅमोग्राफी करताना तंत्रज्ञाला इम्प्लांट असल्याचं आधीच सांगा, म्हणजे ते मागे सरकवून जादा फोटो घेतले जातात.

बसवल्यानंतर वर्षभराने किंवा पुष्कळ वर्षांनी एक स्तन अचानक सुजला तर आत पाणी साठलं असू शकतं. इथे एक चूक फार महागात पडते: सुईने पाणी काढून फेकून देणं. ते पेशींच्या तपासणीसाठी आणि सीडी३० या चाचणीसाठी पॅथॉलॉजीत गेलंच पाहिजे. लिम्फोमा असेल तर त्यातूनच कळतो, आणि लवकर कळला तर इम्प्लांट आवरणासकट काढून बहुतेक वेळा बरा होतो.

थकवा, सांधेदुखी, विसराळूपणा अशा तक्रारींचं काय? त्या इम्प्लांटमुळेच आहेत हे दाखवणारी चाचणी अजून नाही. तक्रार खोटी आहे असा याचा अर्थ मुळीच नाही. काढल्यावर बरं वाटल्याचं अनेकजणी सांगतात, पण तशी हमी कुणी देऊ शकत नाही. आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी१२, ड जीवनसत्त्व आणि संधिवाताच्या तपासण्या करून घ्या.

सरकारी रुग्णालय

मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे, पुण्यात ससून, गोव्यात बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज इथे प्लास्टिक सर्जरी विभाग आहेत. ओपीडीचा वार आधी विचारा, केसपेपर काढा, जुने कागद आणि तपासण्यांच्या दोन-दोन प्रती न्या. फुटलेलं, जंतुसंसर्ग झालेलं किंवा कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर बसवलेलं इम्प्लांट असेल तर तिथे जरूर जा. भाजलेले आणि अपघाताचे रुग्ण आधी घेतले जातात, त्यामुळे तारीख पुढे ढकलली जाऊ शकते. तेवढी तयारी ठेवा. नवीन इम्प्लांट किंवा स्तन उचलण्याची शस्त्रक्रिया तिथे मिळेलच असं धरून चालू नका.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, हे भरती होण्याआधी योजनेतल्या रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला (योजनेची मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याला) विचारा. योजना ठरलेल्या उपचारांच्या यादीवर चालते आणि शोभेसाठीच्या शस्त्रक्रिया त्यात नसतात.

खासगी रुग्णालय आणि विमा

आरोग्य विम्यात ‘कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरी’ हे वगळलेलं कलम असतं. त्याचा प्रमाणित सांकेतिक क्रमांक ०८. एजंट बहुधा एवढंच सांगतो. पण कलमाचं पुढचं वाक्य तुमच्या कामाचं आहे: अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना, तसंच प्रकृतीला असलेला थेट आणि तातडीचा धोका दूर करण्यासाठी आवश्यक उपचार, यांना हे वगळणं लागू नाही. अट एकच, उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तसं प्रमाणित केलेलं हवं. म्हणून डॉक्टरांच्या पत्रात निदान, अहवालाची तारीख आणि ‘न काढल्यास धोका काय’ हे तिन्ही हवं. ते पत्र जोडून टीपीएकडे (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेकडे) आधी मंजुरी मागा. नकार आला तर तो लेखी आणि कलमासह घ्या. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा, मग विमा लोकपालांकडे. त्यांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत आणि तक्रारीला शुल्क नाही.

स्वखर्चाने करत असाल तर अंदाजपत्रक तपशीलवार मागा: सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, खोली, पॅथॉलॉजी, ड्रेन (जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी). सौंदर्यशस्त्रक्रियेवर १८ टक्के जीएसटी लागतो. तो धरून आकडा सांगितला आहे का, हे विचारा. स्तन उचलणं किंवा चरबी भरणं हा वेगळा खर्च असतो.

शस्त्रक्रियेआधी सर्जनशी हे बोला

आवरण पूर्ण काढणार की काही भाग ठेवणार? ‘सगळं एकसंध काढा’ असा आग्रह हल्ली फार दिसतो. लिम्फोमा असेल तर तो बरोबर आहे. एरवी स्नायूखालच्या इम्प्लांटचं पातळ आवरण बरगड्यांना चिकटलेलं असतं. ते ओरबाडून काढताना रक्तस्राव होतो आणि क्वचित फुप्फुसाच्या आवरणाला छिद्र पडतं. निरोगी आवरणाचा तेवढा भाग राहिला तरी चालतो. काढलेलं आवरण मात्र बायॉप्सीला पाठवा आणि डिस्चार्ज समरीत इम्प्लांटचा नंबर लिहून घ्या. कंपनीची वॉरंटी असेल तर इम्प्लांट फेकू नका, असंही आधीच सांगून ठेवा.

मिश्री, तंबाखू, सिगारेट किमान चार आठवडे आधी बंद. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम उकलते. मिश्री लावतो हे डॉक्टरांना सांगायला संकोच करू नका.

घरी आल्यावर

ड्रेनचा बल्ब रोज ठरावीक वेळी रिकामा करा, किती मिली निघालं ते वहीत लिहा आणि बल्ब दाबून मगच झाकण लावा. दाबलेला बल्ब लगेच फुगत असेल तर कुठेतरी हवा शिरते आहे, डॉक्टरांना कळवा. साधारणपणे २४ तासांत २५-३० मिलीपेक्षा कमी येऊ लागलं की ड्रेन काढतात.

चार ते सहा आठवडे जड उचलायचं नाही. पाण्याने भरलेली दहा लिटरची बादली दहा किलोची असते, भरलेला गॅस सिलिंडर जवळपास तीस किलोचा. दोन्हींना हात नको.

एक बाजू अचानक टणक होऊन सुजली, १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप आला, जखमेतून पू आला किंवा श्वास लागला, तर सकाळची वाट पाहू नका.

ब्रा कशी घ्याल

शस्त्रक्रियेआधी फक्त स्तनाखालचा घेर आम्हाला द्या, सेंटिमीटरमध्ये, श्वास सोडून मोजलेला. कपचं माप देऊ नका, ते बदलणार आहे. पुढून उघडणारी, तार नसलेली, आतून सुती, रुंद पट्ट्यांची ब्रा हवी. हात वर न करता घालता आली पाहिजे. पट्टीखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. ‘जास्त घट्ट म्हणजे जास्त आधार’ हा गैरसमज आहे; त्याने त्वचेवर फोड येतात. दोन घ्या, एक अंगावर, एक धुण्यात. सर्जन सांगतील तितके दिवस, बहुधा चार ते सहा आठवडे, ती रात्रंदिवस घालायची असते.

रोजच्या वापराची ब्रा किंवा आतलं पॅड मात्र तीन महिने तरी घेऊ नका. सूज उतरते, सैल त्वचा थोडी आकसते आणि दोन्ही बाजूंचं माप वेगळं निघू शकतं. त्या वेळी पुन्हा या, दोन्ही बाजू स्वतंत्र मोजू.