हात बसणे (छोटा मेकॅनिकल कीबोर्ड)

न पाहता बोटे योग्य कळेवर पडू लागली की टायपिंग शिकणारे ‘हात बसला’ म्हणतात. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद पुण्यातून टंकलेखनाच्या परीक्षा घेते. त्यासाठी मिनिटाला ३० किंवा ४० शब्दांपर्यंत हात बसवावा लागतो. छोटा, वेगळ्या मांडणीचा कीबोर्ड घेणाऱ्याला हाच बसलेला हात मोडून पुन्हा बसवावा लागतो.

पूर्ण आकाराच्या कीबोर्डवर साधारण १०४ कळा असतात. ‘साठ टक्के’ प्रकारात ६१ उरतात, ‘चाळीस टक्के’ प्रकारात ४८ किंवा त्याहून कमी. गाळलेली चिन्हे ‘लेयर’वर जातात: अंगठ्याने एक कळ दाबून धरली की बाकीच्या कळांचे अर्थ बदलतात.

अनेक छोट्या कीबोर्डांवर कळा सरळ उभ्या स्तंभांत असतात. नेहमीच्या कीबोर्डवरील तिरकस ओळी १८७४ साली बाजारात आलेल्या शोल्स-ग्लिडन टाइपरायटरच्या वंशातून आल्या. तिथे प्रत्येक कळेच्या दांडीला जाण्यापुरती वाट लागत असे. आता दांड्या नाहीत, तरी बोटांना तिरकेपणाच पाठ असतो. इनस्क्रिप्ट या देवनागरी मांडणीत ‘म’ लिहायला बोट सवयीने अर्धी कळ उजवीकडे जाते आणि ‘न’ उमटतो. पहिले काही दिवस अशा चुकांत जातात.

इनस्क्रिप्ट ही १९८६ साली प्रमाणित झालेली मांडणी. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेच्या जिस्ट तंत्रज्ञानाने भारतीय लिप्या संगणकावर रुजवल्या, त्यात ती वापरली गेली. तिच्यात मात्रा डावीकडे आणि बहुतेक व्यंजने उजवीकडे आहेत. मराठी लिहिणाऱ्याची खरी अडचण इथेच सुरू होते. ‘चाळीस टक्के’सारख्या छोट्या कीबोर्डवरून उजव्या कडेच्या कळा काढल्या जातात, कारण इंग्रजीत तिथे कंस आणि अवतरणचिन्हे असतात. इनस्क्रिप्टमध्ये त्याच कडेला ‘ड’, ‘ट’ आणि ‘ॉ’ आहेत. ‘पुणे’ अडखळल्याशिवाय लिहून होते; कोथरूड, हडपसर, वाकड, हिंजवडी या प्रत्येक नावात मात्र ‘ड’साठी लेयर लागतो. दोन्ही हातांना मिळून ३० अक्षरकळा असतील तर ‘डॉक्टर’ या शब्दातल्या सहा दाबांपैकी तीन लेयरवर जातात. म्हणून मराठीसाठी निदान ‘ट’ आणि ‘ड’ यांना स्वतंत्र जागा असलेला कीबोर्डच घ्यावा. अंकांच्या ओळीवरील क्ष, ज्ञ, त्र, श्र यांचे तेवढे अडत नाही. हलन्त डाव्या मधल्या बोटाखालीच असल्याने ही जोडाक्षरे सुटी जुळवता येतात.

शिफ्टचेही तसेच. इंग्रजीत ती मुख्यतः मोठ्या अक्षरांसाठी लागते. इनस्क्रिप्टमध्ये ख, घ, थ, ध, भ, ण, ळ, श हे सगळे शिफ्टवर आहेत. छोट्या कीबोर्डवर जागा वाचवण्यासाठी एकाच कळेला दोन कामे देतात: टिचकी मारली तर अक्षर, दाबून धरली तर शिफ्ट. क्यूएमके या फर्मवेअरमध्ये, म्हणजे कीबोर्डच्या आतच चालणाऱ्या प्रोग्राममध्ये, दोहोंतली सीमा मुळात २०० मिलिसेकंदांची असते. भरभर लिहिताना ती चुकते आणि शिफ्ट वेलांटीच्या कळेवर असेल, तर ‘ख’ऐवजी वेलांटी व ‘क’ उमटतात. अंगठ्याखाली निव्वळ शिफ्टची कळ ठेवली की हा त्रास संपतो.

कोलमॅक किंवा ड्वोरॅक ही इंग्रजी मांडणी फर्मवेअरमध्ये बसवली, तर इनस्क्रिप्ट विस्कटते. कीबोर्डला देवनागरी ठाऊक नसते. तो कळेचा क्रमांक पाठवतो आणि अक्षर संगणक ठरवतो. इंग्रजी अक्षरे हलली की त्यांच्यासोबत क, त, र हेही जागा सोडतात. मराठीसाठी न हलवलेला वेगळा लेयर ठेवावा लागतो.

सरावाला रोजचाच मजकूर घ्यावा: पत्ता, निरोप, किराण्याची यादी. मांडणी दर दोन दिवसांनी बदलत राहिल्यास हात कधीच बसत नाही. आठवडाभर तरी तीच ठेवावी. दिवसभर ऑफिसच्या लॅपटॉपवर आणि रात्री घरी छोट्या कीबोर्डवर काम करणाऱ्याला सुरुवातीला दोन्हीकडे अडखळायला होते. दोन्ही कीबोर्ड हाताला अगदी वेगळे लागत असतील, तर सवयी वेगळ्या राहायला मदत होते.

स्वतः जोडणी करणाऱ्यांना वायर, डायोड आणि सोल्डरिंगचे सामान पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळते. प्रत्येक कळेला एक डायोड, म्हणजे एकाच दिशेने वीज जाऊ देणारा भाग, लागतो. तो नसेल तर तीन-चार कळा एकदम दाबल्यावर न दाबलेले अक्षरही उमटू शकते.