मूठ तीच, गाडी वेगळी

मी बारा वर्षं क्रूझर चालवली, म्हणजे पाय पुढं टाकून ऐसपैस बसायची लांब, बसकी मोटरसायकल. आता दाराशी हजार सीसीची स्पोर्ट बाईक उभी आहे. भेटेल तो एकच विचारतो, "एवढी पॉवर सांभाळते का?" मला तो प्रश्नाचा सोपा भाग वाटतो. अवघड भाग वेगळाच आहे. बारा वर्षांत हातापायांना जे आपोआप जमायला लागलं होतं, त्यातलं बरंचसं या गाडीवर चुकतं, आणि का चुकतं हे भौतिकशास्त्र नेमकं सांगतं.

आधी दोन्ही प्रकारांच्या एकेका गाडीचे आकडे. रॉयल एन्फील्डच्या मीटिऑर ३५० या क्रूझरचं वजन १९१ किलो. २०२१ साली आलेल्या कावासाकी निंजा झेडएक्स-१०आर या स्पोर्ट बाईकचं २०७ किलो. फरक सोळा किलोंचा, म्हणजे दहा किलोच्या गुळाच्या दोन रव्यांपेक्षाही कमी. ताकद मात्र एकीची सुमारे २० हॉर्सपॉवर आणि दुसरीची सुमारे २००. जवळपास तेवढंच वजन हलवायला दहापट जोर.

हा जोर येतो कुठून? पिस्टन सिलिंडरमध्ये वर-खाली जेवढं अंतर जातो, त्याला स्ट्रोक म्हणतात. मीटिऑरचा स्ट्रोक ८५.८ मिलिमीटर, निंजाचा ५५. पिस्टन किती वेगानं पळवायचा याला धातूच्या बळाची मर्यादा असते. स्ट्रोक आखूड केला की त्याच मर्यादेत मिनिटाला जास्त फेरे घेता येतात. मीटिऑर आपली पूर्ण ताकद मिनिटाला ६,१०० फेऱ्यांना देते, निंजा १३,२०० ला. ताकद म्हणजे टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) गुणिले फेरे, त्यामुळे टॉर्क टिकवून फेरे वाढवले की ताकद वाढणारच. त्यात निंजाला एकाऐवजी चार सिलिंडर आहेत.

चालवणाऱ्याच्या मनगटाला यातली वेगळीच गोष्ट जाणवते. मीटिऑरचा सर्वात जास्त टॉर्क, २७ न्यूटन-मीटर, ४,००० फेऱ्यांनाच मिळून जातो. मूठ पिळली की गाडी लगेच ओढते, मग तो जोर हळूहळू ओसरतो. म्हणून क्रूझरवाल्याला "पिळ अजून थोडी, काही होत नाही" अशी सवय लागते. निंजाचा सर्वाधिक टॉर्क ११,४०० फेऱ्यांना आहे. खालच्या फेऱ्यांना ही गाडी शहाण्यासारखी चालते, आणि फेऱ्यांच्या मीटरचा काटा वर चढत जाईल तसा जोर वाढतच जातो. हजार सीसीच्या स्पोर्ट बाईक पहिल्याच गिअरमध्ये ताशी १४० किलोमीटरच्या पुढे जातात. म्हणजे आमच्या कोल्हापुरात शिरोली नाक्याहून हायवेला लागल्यावर दुसरा गिअर टाकायची वेळ येण्याआधीच कायद्याची मर्यादा मागे पडलेली असते.

उद्यमनगरात ज्यांनी जुनं ऑइल इंजिन पाहिलंय, त्यांना फ्लायव्हीलचं काम वेगळं सांगायला नको. जड चाक एकदा फिरायला लागलं की ते वेग पटकन वाढूही देत नाही आणि कमीही होऊ देत नाही. क्रूझरच्या इंजिनात फिरणारे भाग असेच जड असतात. मूठ जराशी हिसकली तरी ती चूक त्या वजनात मुरून जाते. स्पोर्ट बाईकचे फिरणारे भाग मुद्दाम हलके ठेवलेले असतात, त्यामुळे मनगटाचा प्रत्येक थरथराट थेट मागच्या चाकापर्यंत पोचतो. मूठ एकदम सोडली तर इंजिनचा ब्रेकही तितक्याच चटकन लागतो.

आता ब्रेक. इथं मी स्वतः चुकलो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. एका रविवारी पहाटे पन्हाळ्याला निघालो होतो. वाघबीळच्या अलीकडं एक म्हैस रस्त्यावर आली. उजवा पाय सवयीनं दाबला गेला, हात मागाहून आला. पायाखालचा ब्रेक थरथरत राहिला, गाडी मात्र हवी तशी वेग सोडेना. म्हशीपासून दोन-तीन हातांवर थांबलो. एबीएसनं, म्हणजे ब्रेक लागताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेनं, मागचं चाक घसरू दिलं नाही, पण थांबवायचं काम त्या चाकाला जमणारंच नव्हतं.

ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर सरकतं. किती सरकतं ते दोन गोष्टींवर ठरतं: गाडी आणि माणूस मिळून गुरुत्वमध्य किती उंच आहे, आणि दोन चाकांमध्ये अंतर किती आहे. गोल आकडे धरून हिशेब करू. मोठी क्रूझर लांब आणि बसकी: अंतर १६५ सेंटिमीटर, गुरुत्वमध्य ५५ सेंटिमीटरवर. स्पोर्ट बाईक आखूड आणि उंच: १४५ आणि ६५. उभ्या गाडीत दोन्ही चाकांवर निम्मं-निम्मं वजन मानू. गुरुत्वत्वरणाच्या ८० टक्के जोरानं ब्रेक मारला, तर क्रूझरच्या मागच्या चाकावर २३ टक्के वजन उरतं, स्पोर्ट बाईकच्या फक्त १४ टक्के. ब्रेक पूर्ण एक 'जी'चा, म्हणजे गुरुत्वत्वरणाइतका, असेल तर हेच आकडे १७ आणि ५ होतात. ज्या चाकावर वजनच नाही, ते रस्त्याला धरणार कशानं? क्रूझरवर पायाचा ब्रेक खरंच कामाचा होता. इथं सगळा भार उजव्या हाताच्या दोन बोटांवर आहे. ती बोटंही एकदम आवळून चालत नाहीत. आधी हलकेच दाबून वजन पुढच्या टायरवर बसू द्यायचं, टायर रस्त्यावर दबला की मग जोर वाढवायचा.

वळणाचं गणित मला सगळ्यात जास्त आवडतं. दुचाकी वळवायला झुकवावी लागते आणि किती झुकवायची ते वेगाच्या वर्गावर अवलंबून असतं. पन्नास मीटर त्रिज्येचं वळण घ्या. ताशी ४० ला सुमारे १४ अंश पुरतात. ६० ला साडेएकोणतीस अंश लागतात. ८० ला पंचेचाळीस. वेग दुप्पट केला की आडवा जोर चौपट लागतो. (रुंद टायर असेल तर प्रत्यक्षात अजून थोडं जास्त झुकावं लागतं.) क्रूझर तीस अंशांच्या आसपास झुकली की फूटपेग (पाय ठेवायचा दांडा) रस्त्याला घासतो, ठिणग्या उडतात, आवाज येतो. गाडी आपल्याला "बस्स" म्हणून सांगते, आणि बहुतेक वेळा टायरची पकड तेव्हा अजून शिल्लक असते. स्पोर्ट बाईकचे पेग उंच आणि मागं असतात, ती पंचेचाळीसच्याही पुढं झुकते. ही घासण्याची सूचना तिथं वेळेत मिळतच नाही. पहिली मर्यादा येते ती थेट टायरच्या पकडीची.

आणि पकड रस्त्यावर ठरते. पंचेचाळीस अंशांना घर्षणाचा गुणांक एक लागतो. कोरड्या, स्वच्छ डांबरावर गरम झालेला चांगला टायर तेवढा देतो. ओल्या रस्त्यावर तो ०.५ धरला, तर त्याच वळणाचा वेग ५६ वर येतो. चिखलात ०.३ धरला तर ४४ वर. आपल्याकडं गाळप हंगामात ट्रॉलीतून पडलेलं पाचट आणि शेतातून ट्रॅक्टरच्या चाकांना चिकटून आलेली माती नेमकी वळणावर पसरलेली असते. पावसाळ्यात गगनबावड्याच्या पुढं करूळ घाटात काय होतं ते तिकडं जाणाऱ्यांना माहीत आहे. ८० ला घेता येणारं वळण ४४ चं होतं आणि दिसायला ते तसंच दिसतं. थंडीच्या सकाळी घरातून निघाल्यानिघाल्याचे चार-पाच किलोमीटरही याच हिशेबात धरावेत, कारण स्पोर्ट टायरचं रबर गरम झाल्याशिवाय नीट धरत नाही.

झुकवायची कशी, तर उलट्या बाजूनं. डावीकडं वळायचं असेल तर हँडलची डावी बाजू क्षणभर पुढं ढकलायची. चाक उजवीकडं वळतं, गाडी डावीकडं कलते, आणि मग आपण डावीकडं जातो. सायकलवर लहानपणापासून सगळे हेच करतात, फक्त कुणाला कळत नाही. विमानाआधी सायकलचं दुकान चालवणाऱ्या विल्बर राइटनं हे हेरलं होतं. क्रूझरवर पुढचं चाक धरणारा फोर्क जास्त कललेला, हँडल रुंद, सगळं सावकाश. घाबरून अंग झुकवलं तरी वेळ निभावते. स्पोर्ट बाईक या ढकलण्याला लगेच उत्तर देते, म्हणून ते जाणूनबुजून आणि हलक्या हातानं करायला शिकावं लागतं. उलट महाद्वार रोडसारख्या गर्दीत हीच गाडी अवघडते, कारण तिचं हँडल फार कमी वळतं.

बसणंही बदलतं. क्रूझरवर पाय पुढं, सगळा भार माकडहाडावर, हात मोकळे. इथं पाय मागं आणि अंग पुढं. नवा माणूस तो भार मनगटांवर टाकतो आणि तिथंच फसतो. हातावर वजन असलं की रस्त्यातला प्रत्येक खड्डा मुठीपर्यंत पोचतो आणि आपण नकळत रेस देत राहतो. तालमीत वस्ताद पवित्र्याला का जीव तोडून सांगतात ते मला इथं कळलं: भार मांड्यांनी आणि पोटानं पेलायचा, हात पकडीला मोकळे ठेवायचे. गुडघ्यांनी टाकी आवळली की हँडल सैल धरता येतं. वेग वाढला की समोरचा वारा छातीला थोडं उचलून धरतो. शहरात तो नसतो, म्हणून मनगटं दुखतात ती गर्दीतच, हायवेला नाही.

अलीकडच्या गाड्यांमध्ये सेन्सर असतात. गाडी किती कललीय, कुठलं चाक घसरतंय हे ते सतत मोजतात आणि जोर कमी करतात. भारतात १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना १ एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचा आहे. ही फार मोठी सोय आहे. पण पाचटावर नसलेली पकड कुठलंही यंत्र तयार करू शकत नाही.

म्हशीच्या प्रसंगानंतर मी रोज सकाळी गावाबाहेरच्या एका मोकळ्या, सरळ पट्ट्यावर जायला लागलो. खडूची रेघ मारायची, चाळीसच्या वेगानं यायचं, रेघेवर फक्त पुढचा ब्रेक दाबायचा आणि कुठं थांबलो ते टेपनं मोजायचं. पहिल्या दिवशी पाय दर वेळी आधी जायचा. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी थांबल्यावर खाली पाहिलं, तर उजवा पाय पेगवर जिथं होता तिथंच होता.